सुवेगच्या खिशातली किल्ली

त्या जातीच्या कादंबऱ्या मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पुस्तक उघडलं की पहिल्यांदा नकाशा. नकाशात डोंगर, डोंगरापलीकडे अंधाराचं राज्य, आणि तिथे जायचं कुणी, तर एका अनाथ पोरानं. त्याचा बाप कोण हे त्याला शेवटच्या भागापर्यंत कळत नाही, वाचकाला मात्र दुसऱ्या प्रकरणातच कळलेलं असतं. एक जुनं भाकीत असतं, तेही पद्यात, आणि ते पद्य असं, की आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा कुणी म्हणू देणार नाही. पांढऱ्या दाढीचे गुरुजी असतात. त्यांना सगळं ठाऊक असतं, पण ते अर्धंच सांगतात आणि उरलेलं सांगायच्या आत मरतात. एवढं सगळं एका पुस्तकात मावत नाही, म्हणून तीन भाग, पाच भाग, सात भाग. ‘पुढचा भाग लवकरच’ असं मागच्या पानावर छापतात आणि मग वाचकाचे केस पिकेपर्यंत लेखकाचा पत्ता नसतो.

मी क्रांती. विट्याहून आटपाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे, तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाची ग्रंथपाल. वडिलांनी मोठ्या हौसेनं नाव ठेवलं आणि माझा जन्म गेला पुस्तकांवरची धूळ झटकण्यात. माझी जीभ तिखट आहे असं गावात म्हणतात. असेल. पण नानासोंपुढे ती कधी चालली नाही, आणि मी आज सांगणार आहे ते नानासोंबद्दलच.

नानासो गलाईवाले. आमच्या भागात हे उलगडून सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. इथलं रान पोटाला पुरेना तेव्हा इथली माणसं देशभर पांगली आणि गावोगावच्या सराफ गल्ल्यांत भट्ट्या लावून बसली. मोडीचं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात टाकून शुद्ध करायचं, हा गलाईचा धंदा. नानासो मिसरूड फुटायच्या आधी मामाच्या मागून केरळात गेले आणि म्हातारे होऊन परत आले. तेजाबाच्या वाफेनं नखं पिवळी पडलेली, छातीत कायमची घरघर. मल्याळम फाडफाड बोलत, पण मराठी वाचताना ओठ हलवत, कारण शाळा चौथीतच सुटली होती. स्वभाव असा की रेशनच्या रांगेत कुणी मध्ये घुसला तर भांडायचं सोडून हेच मागे सरकायचे. असल्या माणसाचा मला राग येतो. नानासोंचा कधी आला नाही.

त्यांना एकच मुलगा, विश्वजित. शाळेत असल्यापासून माझ्या ग्रंथालयात पडीक. ‘काळकड्याची गाथा’ नावाची ती मालिका मी त्याच्याच हट्टापायी मागवली. लिहिणारा पुण्यातला कुणी तरुण. “ताई, एक भाग वाचा, मग काय बोलायचं ते बोला,” म्हणून पोरगं माझ्या मागे लागलं. मी वाचला आणि जे बोलायचं ते बोलले. तो हसायचा. म्हणायचा, “ताई, ह्या गोष्टींचे नियम असतात. नियम ठाऊक झाले की मजा येते. क्रिकेटसारखं आहे.”

पुढे बापाची छाती भट्टीला नको म्हणायला लागली तेव्हा विश्वजित केरळातल्या दुकानावर जाऊन बसला. जाताना मालिकेचे तोवर निघालेले तीन भाग स्वतःचे विकत घेऊन गेला. नानासो गावी परतले. रोज संध्याकाळी भट्टी विझली की पोराचा आईला फोन यायचा आणि निम्मा वेळ त्या गाथेत जायचा. त्याची आई सुलाबाई, तिला अक्षर येत नाही. तिचे वडील मेंढरं घेऊन सालोसाल कोकणात उतरणारे, तिचं लहानपण चालण्यातच गेलेलं. त्यामुळे कादंबरीतली माणसं पानंच्या पानं चालतात, ज्याला मी कंटाळायचे, ते तिला मनापासून पटायचं. तिची तक्रार निराळी होती. “घोडी येवढी पळत्यात, चारा कवा खात्यात? आन ही माणसं काय जेवत्यात, त्ये का लिव्हत न्हाई ह्यो बाबा?” विश्वजित मला फोन करून हे सांगायचा आणि आम्ही दोघं हसायचो.

गाथेत सुवेग नावाचा एक गडी आहे. नायक नव्हे, नायकाचा मित्र. घोड्यांच्या पागेत काम करणाऱ्या बाईचा मुलगा, जरा वेंधळा, जिवाला जीव देणारा. विश्वजितचा जीव ह्या सुवेगवर. तिसऱ्या भागाच्या शेवटी मित्राला वाचवताना सुवेग काळकड्यावरून खाली नदीत पडतो. सुलाबाईनं फोनवर हे ऐकलं आणि तिला रडू आलं. तेव्हा पोरानं तिला समजावलं, “आई, रडू नको. तो मेला नाही. ह्या गोष्टींत ज्याचं प्रेत दाखवत नाहीत तो परत येतो. हा नियमच आहे.” वर आणखी एक सांगितलं. “आणि कुठल्या तरी धर्मशाळेच्या कोपऱ्यात तोंड झाकून कुणी बसलेला दिसला, की समजायचं आपलाच माणूस.”

ते सांगितलं त्या पावसाळ्यात केरळात मोठा पूर आला. विश्वजित शेजारच्या गावातल्या एका सराफाची चांदी पोचवायला स्कूटरवरून निघाला होता. स्कूटर नारळीच्या बागेत अडकलेली सापडली. विश्वजित सापडला नाही. नानासो तिथे गेले, दवाखाने पाहिले, छावण्या पाहिल्या, शवागारात चादरी उचलून पाहिल्या. शेवटी दुकानाशी आले तर दुकानाला कुलूप. किल्ली पोराच्या खिशात, म्हणजे पोराबरोबरच गेलेली. आपल्याच दुकानाचं कुलूप त्यांनी दगडानं फोडलं, आतली तीन पुस्तकं पिशवीत घातली आणि गावी आले. ते फुटकं कुलूप अजून त्यांच्या घरात खुंटीला आहे.

सुलाबाई रडली नाही. ती म्हणाली, “मढं गावलं का?”

“न्हाई.”

“मग पोरगं हाय.”

मी ह्याला वेड म्हणणार होते. पण विचार करा, हा नियम तिला कुणी सांगितला होता? ज्याची वाट बघायची त्यानंच. आम्ही सगळे तिला समजवायला जायचो आणि ती आमच्या तोंडाकडे असं बघायची, की पोरानं स्वतः सांगितलेलं खरं धरू का तुमचं. मग तिनं नानासोंना त्या पुस्तकांपुढे बसवलं. पहिल्या भागापासून. रोज संध्याकाळी नानासो चष्मा लावून, बोट अक्षराखाली ठेवून, खोकत खोकत वाचायचे आणि ती शेंगा फोडत ऐकायची. त्या तीन भागांत त्यांची दोन वर्षं गेली. चौथा भाग आला तो मी ग्रंथालयात घेतला आणि आधी त्यांनाच दिला. त्यात सुवेगचं नावसुद्धा नाही. फक्त शेवटच्या प्रकरणात, पावसात भिजलेल्या एका धर्मशाळेच्या कोपऱ्यात, टोपीनं तोंड झाकून एक माणूस बसलेला असतो. तिथे भाग संपतो.

सुलाबाईनं त्या रात्री पेढे वाटले.

त्या घरात आणखी एक जीव होता आणि माझा संताप होतो तो तिच्यासाठी. विश्वजितची बायको अंकिता. माहेर शिराळ्याचं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा पुरात गेला, पण गेला असं म्हणायची घरात सोय नाही. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, ब्लाऊज शिवून चार पैसे आणायची, सासऱ्याचं औषधपाणी बघायची. संक्रांतीला बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या, आणि तिच्या कपाळाजवळ गेलेलं बोट मध्येच थबकायचं. लावावं की नाही? ती बिचारी स्वतःच कपाळ पुढे करायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सात वर्षं उलटली. कायदासुद्धा सात वर्षांनी माणूस गेला असं मानतो. अंकिताच्या भावानं मेढ्याकडचं एक स्थळ आणलं. पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत नोकरीला असलेला, बायको वारलेला, सरळ माणूस. त्याला अंकिता पसंत होती, अंकितालाही तो नापसंत नव्हता. पण त्याच्या घरचे जुन्या वळणाचे. आधी विश्वजितची क्रिया व्हायला हवी, मग पुढचं बोलू, आणि बोलणं दिवाळीपर्यंतच थांबेल, असं त्यांनी सांगितलं. ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि दहावं-तेरावं घालतात. भावकीनं तयारी दाखवली. नानासो तयार होते. सुलाबाई म्हणाली, “जित्या पोराला आग लावताय व्हय? पुस्तक संपू द्या.”

आणि पुस्तक काही निघत नव्हतं. लेखकाचं लग्न झालं, त्याला मूल झालं, पाठदुखी झाली, हे सगळं तो वाचकांना कळवत होता. पाचवा भाग तेवढा येत नव्हता. शिराळ्याच्या एका पोरीचं आयुष्य आपल्या शेवटच्या प्रकरणासाठी खोळंबलंय हे त्या माणसाला कुठून माहीत असणार? मी त्याला मनातल्या मनात हव्या तेवढ्या शिव्या दिल्या.

गणपती झाल्यावर पाचवा भाग आला. नानासोंना बातमी कशी लागली कोण जाणे, मी पार्सल फोडत होते तोवर ते दारात उभे.

“ताई, आलं न्हवं?”

“आलंय. घेऊन जा.”

त्यांनी हात पुढे केला नाही. “तुमी आदी वाचा. मी वाचत बसलो की मला कळायच्या वक्ताला तिलाबी कळंल. मला येवढंच सांगा, सुवेग जित्ता हाय का मेला.”

“आणि मेला असला तर?”

“तर बरं हुईल,” असं ते बोलून गेले आणि लगेच कानाच्या पाळ्या धरल्या.

मग मी ते जाडजूड पुस्तक घरी नेलं आणि स्वयंपाकाला सुट्टी देऊन वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा असली कादंबरी मी धडधडत्या छातीनं वाचली. मनात एकच म्हणत होते, मार रे बाबा त्याला. तुझ्या पाच भागांत एकदा तरी नियम मोड. गुरुजी तिसऱ्या भागात मारलेस, भाकीत खरं केलंस, अनाथ पोराला राजाचा मुलगा केलंस, आता एवढं एक कर. ‘उंबरा’ नावाचं प्रकरण आलं. टोपीवाला माणूस रात्री एका गावात शिरतो. एका घराच्या खिडकीत दिवा आहे. म्हातारी दार उघडते, ओळखत नाही. तो टोपी काढतो. भुवईवरचा घोड्याच्या लाथेचा व्रण दिव्यात दिसतो. सुवेगच.

मी पुस्तक आपटलं. एकही नियम मोडला नाही मेल्यानं.

नानासो दुसऱ्या दिवशी आले, वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसले. मी सरळ सांगितलं. “आला तो, नानासो. घरी येतो. आई भेटते.”

त्यांनी समोरचं वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “मारला असता तर काय झालं असतं वो त्येला? कागुदावरचंच तर हुतं.”

“मी पुन्हा येऊ का घरी? सांगते सुलाबाईंना. गोष्ट वेगळी, माणूस वेगळा, असं.”

“समद्यांनी सांगून झालंय, ताई. सरपंचानं सांगितलं, डाक्टरनं सांगितलं. अंकिताच्या भावानं पाय धरलं. मी न्हाई सांगितलं कवा.”

“का नाही?”

“माज्या तोंडनं निघंना.”

त्यांनी पुस्तक पिशवीत घातलं आणि निघाले. मी अडवलं नाही. अडवून सांगणार तरी काय होते? ग्रंथालयात एवढी पुस्तकं, पण त्या माणसाच्या हातात देण्यासारखं दुसरं एकही नव्हतं.

पुढचं मला अंकितानं सांगितलं. गाव सोडायच्या आधी ती ग्रंथालयात निरोप घ्यायला आली तेव्हा.

नानासोंनी पाचवा भाग सुरुवातीपासून नीट वाचला. एक ओळ गाळली नाही. युद्ध वाचलं, चालणं वाचलं, घोड्यांच्या चाऱ्यावरून सुलाबाईची बोलणीही खाल्ली. नवरात्रात एका संध्याकाळी ते ‘उंबरा’वर आले. अंकिता मागे उभी राहून त्यांना औषधाची गोळी देत होती, तिला पान दिसत होतं. पानावर लिहिलं होतं की खिडकीत दिवा आहे. आणि नानासो बोट अक्षराखाली ठेवून वाचत होते ते दुसरंच.

ते वाचत होते, की टोपीवाल्यानं टोपी काढली तर तो सुवेग नव्हता. कुणी परका वाटसरू होता. तो सांगायला आला होता, की कड्याच्या खाली लांब, जिथे नदी पसरट होते, तिथल्या कोळ्यांना एका पोराचा देह मिळाला. ते त्याला ओळखत नव्हते. त्याची भाषा त्यांची नव्हती. पण त्यांच्यातल्या बायकांनी त्याला अंघोळ घातली. त्याच्या अंगावर घरातलं धुवट वस्त्र पांघरलं. कुणाचं तरी लेकरू आहे म्हणून रडल्या.

“मामा थांबत थांबत बोलत होते,” अंकिता म्हणाली; सासऱ्यांना ती मामा म्हणते. “पण खोकले नाहीत एकदा पण. मग म्हणाले, त्याच्या खिशात दुकानाची किल्ली होती.”

मी तिच्याकडे बघत राहिले.

“मी गोळी हातात धरून तशीच उभी, ताई. तलवारीच्या गोष्टीत दुकान कुठलं? किल्ली कुठली? त्यांना कळलंच नाही काय बोलले ते. मला वाटलं ओरडावं, मामा, नका हो असं वाचू, मला नाही जायचं कुठं. पण तोंड उघडलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. माझ्यासाठी बोलत होते ना ते.”

सुलाबाई शेंगा फोडायची थांबली होती. तिनं एकच विचारलं, “त्या मानसांनी त्येला मातीत ठिवला, तवा त्वांड कुणीकडं केलं हुतं?”

“गावाकडं,” नानासो म्हणाले.

“आपल्या गावाकडं?”

“व्हय.”

“मग झाका पुस्तक,” ती म्हणाली. सकाळी उठून तिनं अंगण झाडलं आणि भावकीत निरोप धाडला, की ओढ्यापलीकडनं पळसाची पानं आणा.

क्रिया झाली. पानांचा पुतळा केला, त्याला विश्वजितचा एक जुना शर्ट पांघरला, नानासोंनी अग्नी दिला. आमच्याकडे बायका तिथे जात नाहीत, पण मी रस्त्यावर उभी होते आणि पळसाचा धूर निंबांच्या वर जाताना मला दिसला. पानांना जळायला कितीसा वेळ लागतो? लोक लगेच परतले. नानासो तिथेच उकिडवे बसून राहिले, शेवटी दोघांनी धरून आणले. अंकिताचं लग्न मेढ्याला देवळात साधेपणानं झालं. निघताना ती सुलाबाईच्या गळ्यात पडून उठेना, तेव्हा सुलाबाईनं तिची वेणी हातात घेऊन मागे ओढली आणि म्हणाली, “बस झालं आता. एस्टी चुकंल.”

मला वाटलं होतं, गोष्ट इथे संपली. दुःखाची असली तरी नीट संपली.

दिवाळीनंतर नानासो पुस्तक परत द्यायला आले. ठेवलं, दारापर्यंत गेले आणि माघारी वळले. “ताई, हितंच बसून जरा वाचू का?”

“घरी न्या की परत. कुणी मागितलेलं नाही अजून.”

“घरी नगं.”

ते टेबलाशी बसले. कितवं प्रकरण काढलं हे मला ओठांवरूनच कळलं. त्यांचे ओठ सावकाश हलत होते, खिडकी, दिवा, म्हातारी, टोपी. तो घरात शिरतो इथपर्यंत आले, की बोट पुन्हा वर न्यायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. मग डोळे पुसून, पुस्तक जागेवर ठेवून घरी गेले. पुढच्या सोमवारी पुन्हा आले. त्याच्या पुढच्या सोमवारीही. स्वतःच्या तोंडानं पोराला मारलं होतं आणि आता त्याला जिवंत बघायला ते चोरून येत होते. मी त्यांच्यापुढे चहा ठेवायचे. दुसरं काहीच करता येत नव्हतं आणि त्याचा मला फार त्रास व्हायचा.

गुरुवारी आमच्याकडे बाजार असतो. एका गुरुवारी सुलाबाई भाजीची पिशवी घेऊन ग्रंथालयाच्या पायरीवर आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा आत शिरत होती. चपला बाहेर काढल्या, देवळात काढतात तशा.

“ताई, येक इचारू? घोड्यावर बसणाऱ्या गड्याच्या खिशात दुकानाची किल्ली आसंल व्हय?”

“तुम्हाला तेव्हाच कळलं?”

“आवं, पान न्हाई उलटलं त्यांनी. येवढं बोललं, आन पान न्हाई उलटलं. मी काय बहिरी हाय?”

“मग बोलला का नाहीत?”

ती खाली बसली. “सात वर्सं त्यांच्या तोंडनं ते निघत न्हवतं. रातचं उशीत त्वांड खुपसायचं, पर म्हणायचं न्हाई. त्या दिशी निघालं. मी खोटं पाडू व्हय त्यास्नी? आन त्या पोरीनं तरी किती बसायचं? रोज माज्या तोंडाकडं बघायची, वासरू बघतंय तसं.” मग तिनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले. “गेलंय माजं पोरगं. मला कळतंय. माती झाली, आग झाली, समदं झालं. पर तुमी येक खरं सांगा. पुस्तकातला आला का?”

खोटं बोलावं असं मनात आलं. खरं बोलून हिला परत त्या वाटेला लावायचं का? आणि खोटं बोलून हिच्याकडे उरलेलं तेवढंही काढून घ्यायचं का?

“आला,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली. पोराचा नियम खरा निघाला होता, त्याचं समाधान तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. “मग तेवढंच वाचा. ह्यास्नी सांगू नगा. त्यास्नी वाटतंय मला खरं वाटलं.”

मी वाचायला घेतलं. खिडकीतला दिवा, ज्याला मी हसले होते. भुवईवरचा व्रण, ज्याला मी हसले होते. ‘आई, मी आलो’ हे वाक्य, जे लिहायला लेखकाला लाज कशी वाटली नाही असं मी म्हटलं होतं. मी ग्लासभर पाणी प्याले आणि मग ते वाक्य वाचलं. म्हातारी त्याला आत घेते, पाटावर बसवते, प्रकरण संपतं.

“पुढं?”

“संपलं प्रकरण.”

“काय वाढलं तिनं त्येला?”

“ते लिहिलेलं नाही.”

“लिव्हलं न्हाई?” ती खरोखरच चिडली. “येवढ्या लांबनं पोरगं चालत आलंय. पाटावर बसीवलंय. आन जेवला का न्हाई लिव्हत न्हाई?”

त्या दिवशी ती तशीच उठून गेली. आठवडाभर मला ते खुपत राहिलं. पुढच्या गुरुवारी ती आली, मी ते प्रकरण काढलं आणि शेवटच्या ओळीशी न थांबता, नजर पानावर ठेवून पुढे वाचत गेले. आईनं चुलीवरची गरम बाजरीची भाकरी त्याच्या पानात वाढली. वाटीत हुलग्याचं पातळ, कढत माडगं दिलं. वर मिरचीचा ठेचा, कांदा फोडून. तो जेवत होता आणि ती बघत होती.

पुस्तकात ह्यातलं काही नाही. पान मी मुद्दाम उलटलं, तिला आवाज यावा म्हणून.

आता सोमवारी नानासो येतात आणि गुरुवारी सुलाबाई. एकाचं दुसऱ्याला मी सांगत नाही. दोघं एका घरात राहतात, एका तव्यावरची भाकरी खातात, आणि संध्याकाळी पुस्तक नसल्यामुळे गप्प बसून असतात असं शेजारीण सांगते. कॉलेजची एक मुलगी पाचवा भाग मागून गेली. तो बाहेर गेलाय, असं मी तिला सांगितलं.

गेल्या गुरुवारी मी वाचत होते. भाकरी झाली, माडगं झालं, ठेच्यावर आले तेव्हा सुलाबाईनं हात वर करून मला थांबवलं.

“ताई, ठेचा नगा वाढू त्येला,” ती म्हणाली. “आमचा तिखट खात न्हाई.”

मी ठेचा काढून टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.